रोबोचा हात, कारागिराचा हात : स्पोर्ट्स कार नेमकी कोण घडवते?

ऑगस्ट २०२५ मध्ये जपानमधील तोचिगी येथील कारखान्यातून निस्सानची शेवटची आर-३५ जीटी-आर बाहेर पडली आणि २००७ पासून सुरू असलेले तिचे उत्पादन थांबले. त्या निमित्ताने या गाडीविषयी जे लिहिले गेले, त्यात एक गोष्ट बहुतेकांनी आवर्जून सांगितली. तिचे इंजिन योकोहामा येथील एका स्वच्छ, बंदिस्त खोलीत एकच कारागीर पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत हाताने जोडत असे आणि त्या कारागिराच्या नावाची छोटी पट्टी इंजिनावर बसवली जात असे. इतक्या वर्षांत ‘ताकुमी’ म्हणजे सिद्धहस्त कारागीर म्हणून हे काम करणारे अवघे नऊ जण होते. दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली गेली नाही. हीच गाडी तोचिगीत निस्सानच्या इतर मोटारींबरोबर एकाच असेंब्ली लाइनवर तयार होत होती.

सामान्य वाचकाचा गोंधळ इथेच होतो. महागड्या स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत ‘हस्तनिर्मित’ हा शब्द ठळकपणे येतो आणि त्याच कंपनीच्या कारखान्याच्या चित्रफितीत मात्र यांत्रिक हात ठिणग्या उडवत वेल्डिंग करताना दिसतात. यातले खरे काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. दोन्ही दृश्ये खरी आहेत. कोणते काम कोणाकडे जाते हे ठरवणारी कारणे समजली, की त्यांच्यातला विरोधही उरत नाही.

कारखान्यातला रोबो म्हणजे काय?

औद्योगिक रोबो म्हणजे जमिनीला बोल्टने पक्का बसवलेला एक लांब हात. त्याला खांदा, कोपर आणि मनगट यांसारखे बहुधा सहा सांधे असतात, प्रत्येक सांध्यात एक मोटर असते आणि हाताच्या टोकाला काम बदलेल तसे अवजार लावता येते : वेल्डिंगची गन, रंगाचा फवारा, गोंदाची नळी किंवा वस्तू पकडणारा चिमटा. असा पहिला रोबो, युनिमेट, १९६१ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. साच्यातून निघणारे तप्त धातूचे भाग उचलून बाजूला ठेवणे हे त्याचे काम होते. ते काम कष्टाचे आणि धोक्याचे होते आणि प्रत्येक वेळी तंतोतंत सारखे होते. यातला शेवटचा गुण सर्वांत महत्त्वाचा.

रोबोचे बलस्थान एका शब्दात सांगायचे तर ‘पुनरावर्तन’, म्हणजे एकदा शिकवलेल्या जागी पुन्हा पुन्हा अचूक परतण्याची क्षमता. चांगला रोबो हजाराव्या फेरीतही मूळ बिंदूपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा कमी अंतर चुकतो. मात्र या क्षमतेचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. आपण रोजच्या सवयीचा जिना अंधारातही भराभर चढतो, कारण प्रत्येक पायरीची उंची पायांना पाठ झालेली असते. कोणी एकच पायरी दोन बोटे उंच केली, तर त्याच पायांना ठेच लागते. साधा रोबो असाच अंधारात जिना चढत असतो. वस्तू ठरलेल्या जागी, ठरलेल्या आकारात आणि ठरलेल्या कोनात असेल, तरच त्याची अचूकता उपयोगी पडते. म्हणून रोबोच्या आजूबाजूला फिक्श्चर, म्हणजे भाग जागच्या जागी घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटी, उभाराव्या लागतात आणि पुष्कळदा खरा खर्च त्यांवरच होतो. कॅमेरे आणि जोर मोजणारे संवेदक लावून अलीकडच्या रोबोंना थोडे डोळे आणि थोडा स्पर्श मिळाला आहे, पण मूळ स्वभाव बदललेला नाही.

माणसाच्या हाताला काय कळते?

बरणीचे झाकण लावताना ते तिरके बसू नये म्हणून पुष्कळ जण आधी ते किंचित उलटे फिरवतात. आटे एकमेकांत पडल्याची बारीकशी टिचकी बोटांना जाणवते आणि मगच झाकण सुलटे फिरवले जाते. यात बोटांनी जोर मोजला, आवाज ऐकला, कोन दुरुस्त केला आणि निर्णय घेतला, तेही सगळे क्षणभरात. बोल्ट आट्यात धरणारा कारागीर दिवसभर हेच करत असतो.

यापेक्षाही मोठा फरक मऊ वस्तूंच्या बाबतीत पडतो. लोखंडी पत्रा उचलला तरी त्याचा आकार तोच राहतो, पण चादर उचलली की प्रत्येक वेळी ती वेगळी लोंबते. मोटारीत अशा ‘चादरी’ भरपूर असतात : तारांचे जुडगे, गालिचे, रबरी पट्ट्या, फोम आणि चामडे. टेस्लाने मॉडेल ३ च्या बॅटरीवर काचतंतूंच्या मऊ चटया ठेवण्याचे काम एका रोबोला दिले होते. तो यंत्रहात त्या चटया नीट उचलूच शकत नव्हता आणि शेवटी तो काढून टाकावा लागला. एप्रिल २०१८ मध्ये इलॉन मस्क यांनी जाहीरपणे कबूल केले, की अतिरेकी स्वयंचलन ही आपली चूक होती आणि आपण माणसांना कमी लेखले. मॉडेल ३ स्पोर्ट्स कार नव्हे, पण मऊ वस्तूचा नियम सगळ्या गाड्यांना सारखाच लागू होतो. म्हणूनच कोणत्याही कारखान्यात सांगाड्याकडून आतल्या सजावटीकडे जावे, तसतशी माणसांची संख्या वाढत जाते.

सांगाडा : इथे रोबोच उजवा

स्पोर्ट्स कार हलकी हवी, म्हणून तिच्या सांगाड्यात पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा वापर वाढला. ॲल्युमिनियम जोडणे मात्र अवघड असते. त्याच्या पृष्ठभागावर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो. आतला धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, तर या थराला वितळायला दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते. शिवाय हा धातू उष्णता झपाट्याने पसरवतो, त्यामुळे जोडणीच्या आसपासचा भाग वाकतो आणि कमजोरही होतो. यावर एक उपाय म्हणजे वेल्डिंग टाळून गोंद वापरणे. १९९६ मध्ये आलेल्या लोटस एलिसची चौकट ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या इपॉक्सी गोंदाने जोडून बनवली होती आणि तिचे वजन जेमतेम ६८ किलो होते.

‘गोंदाने चिकटवलेली गाडी’ हे शब्द ऐकून बिचकण्याचे कारण नाही. वेल्डिंगचा ठिपका सगळा ताण एका बिंदूवर घेतो, तर गोंद तो ताण संपूर्ण पट्टीवर वाटून घेतो. टाचणी लावलेला कागद ओढला तर टाचणीपाशी फाटतो आणि कडेपर्यंत नीट चिकटवलेला कागद सहसा फाटत नाही, तसाच हा प्रकार आहे. अट एवढीच, की गोंदाची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची हवी, तुटता कामा नये आणि गोंद घट्ट होऊ लागण्याआधी पूर्ण व्हायला हवी. हे काम माणसाच्या हातून दिवसभर एकसारखे होणे कठीण आहे. हाताच्या कामाचा अभिमान बाळगणाऱ्या ॲस्टन मार्टिनने इंग्लंडमधील गेडन येथील कारखान्यात नेमके हेच काम रोबोला दिले. कामगारांनी त्याला ‘जेम्स बाँडर’ असे नाव ठेवले. ‘बाँड’ या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ चिकटवणे असा आहे.

होंडाच्या दुसऱ्या पिढीच्या एनएसएक्समध्ये हीच वाटणी आणखी स्पष्ट दिसत होती. अमेरिकेतील ओहायो राज्यात मॅरिसव्हिल येथे या गाडीसाठी एक छोटा स्वतंत्र कारखाना उभारला होता. तिच्या चौकटीवरील ८६० वेल्ड आठ रोबो करत. चौकट फिरत्या आधारावर धरली जाई, म्हणजे प्रत्येक सांध्यापाशी वेल्डिंग सोयीच्या कोनातून करता येई. त्यानंतरची जोडणी मात्र सुमारे शंभर तंत्रज्ञांच्या हाती होती. १९९० च्या पहिल्या एनएसएक्सच्या वेळी सांगाड्याच्या वेल्डिंगसाठीही निवडक कुशल माणसे लागली होती, हे ध्यानात घेतले तर पंचवीस वर्षांत सीमारेषा कुठे सरकली ते कळते.

कार्बन फायबर : हाताचे काम यंत्राकडे कसे सरकते

कार्बन फायबर म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक कार्बनचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारी राळ. हा पदार्थ तंतूंच्या दिशेने विलक्षण ताकदवान असतो आणि आडव्या दिशेने बराच कमी. लाकूड तंतूंच्या रेषेत सहज फाटते आणि आडवे तोडताना दमवते, तसे. त्यामुळे कोणता थर कोणत्या कोनात ठेवायचा, यावर सांगाड्याची सगळी ताकद अवलंबून असते.

पारंपरिक पद्धतीत राळ भिजवलेले कापड कापून साच्यात थरावर थर हाताने बसवतात, कोपऱ्यात ते बोटांनी दाबून घेतात, थरांमध्ये हवेचा बुडबुडा राहू देत नाहीत आणि मग दाब व उष्णता देणाऱ्या मोठ्या भट्टीत ते भाजतात. १९९२ च्या मॅक्लारेन एफ१ या रस्त्यावरच्या गाडीचा सांगाडा असाच बनत असे. एका सांगाड्याला सुमारे तीन हजार तास लागत, असे कंपनी सांगते. अशा गाड्या एकूण १०६ झाल्या. याच कंपनीने २०११ मध्ये एमपी४-१२सी ही गाडी आणली, तेव्हा तिच्या ७५ किलोच्या सांगाड्याला कंपनीच्याच सांगण्यानुसार सुमारे चार तास पुरत होते. इथे कोरडे कापड बंद साच्यात ठेवून राळ दाबाने आत सोडली जाते, म्हणजे बोटांनी दाबत बसण्याचे काम बरेचसे साच्याने उचलले.

या घटनेतला सर्वांत महत्त्वाचा धडा सहज निसटतो. रोबो हुशार झाला म्हणून काम यंत्राकडे गेले नाही. अभियंत्यांनी पदार्थाचा लहरीपणा काढून टाकला, म्हणजेच अंधारातल्या जिन्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या केल्या, म्हणून ते गेले. आपल्या लेक्सस एलएफए या स्पोर्ट्स कारसाठी टोयोटाने कार्बनच्या तंतूंचे वाकडे, पोकळ भाग विणणारा गोल मागच उभारला होता. ज्या उद्योगसमूहाची सुरुवात स्वयंचलित मागांपासून झाली, त्याने पाऊण शतकानंतर गाडीचे खांब विणावेत, हे मला या सगळ्या इतिहासातले अतिशय सुंदर वळण वाटते. एलएफएच्या फक्त ५०० गाड्या झाल्या.

इंजिनावरच्या नावाला किती अर्थ आहे?

इथे एक रास्त आक्षेप येतो. इंजिनात मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे हिशेब असतात. मग ते रोबोऐवजी हाताने जोडणे ही निव्वळ जाहिरातबाजी नाही का?

आधी हे स्पष्ट करायला हवे, की मायक्रॉनची अचूकता कारागीर आणत नाही. सिलिंडरची भोके, क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचे, पृष्ठभाग आणि व्हॉल्व्हच्या, म्हणजे झडपांच्या, बैठका संगणक-नियंत्रित यंत्रांवरच घडतात. इटलीतील मारानेल्लो येथील फेरारीच्या कारखान्यात ‘रोमिओ’ आणि ‘ज्युलिएट’ या नावांनी ओळखली जाणारी रोबोंची एक जोडी आहे. व्हॉल्व्हच्या बैठकीची कडी द्रव नायट्रोजनमध्ये गार करून सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, बसवण्याचे काम ही जोडी करते. गारव्याने कडी आकसते, सहज आत जाते आणि तापमान पूर्ववत झाले की फुगून कायमची घट्ट बसते. अडकलेले झाकण गरम पाण्याखाली धरून सैल करण्यामागे हेच तत्त्व असते, फक्त उलट दिशेने. कडी पुन्हा कोमट होण्याआधी काही क्षणांत सरळ आत जायला हवी. हे हाताचे काम नव्हे.

बोल्टचेही तसेच. बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि तो ताणच दोन भागांना एकत्र धरून ठेवतो. कमी आवळला तर सैल होतो, जास्त आवळला तर तुटतो. किती आवळायचा हे टॉर्कच्या, म्हणजे पिळण्याच्या जोराच्या, आकड्यावर ठरते आणि तो आकडा इलेक्ट्रॉनिक पाना मोजतो. फ्रान्समधील मॉल्सहाइम येथे बुगाटी शिरोन माणसे जोडत असत, पण तिच्या १,८०० हून अधिक बोल्ट-जोडण्यांपैकी १,०६८ जोडण्यांची नोंद संगणकात ठेवली जात असे. हात माणसाचा असला, तरी आवळण्याचे माप आणि त्याची आठवण यंत्राकडे होती.

मग माणूस काय देतो? जर्मनीतील अफाल्टरबाख येथे मर्सिडीज-एएमजीची ‘एक माणूस, एक इंजिन’ ही पद्धत आहे. तिथला कारागीर ट्रॉलीवरचे आपले इंजिन घेऊन एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जातो. दहा टप्प्यांपूर्वी आपण काय केले हे त्याला ठाऊक असते. क्रँकशाफ्ट हाताने फिरवताना कुठे अडखळले, एखादी कडी बसताना नेहमीपेक्षा वेगळी वाटली, हे त्याच्या बोटांना कळते. वीस जणांत वाटलेल्या कामात ही जाणीव वीस तुकड्यांत विखुरते. नावाची पट्टी इंजिनाची ताकद वाढवत नाही. संपूर्ण वस्तूची जबाबदारी एका माणसावर आहे, एवढेच ती सांगते आणि माझ्या मते तेवढ्यासाठीही ती मोलाची आहे.

हाताने केलेले सगळेच चांगले असते का?

नाही, आणि या बाबतीत आपल्या मनातला भाबडा आदर थोडा तपासून घ्यायला हवा. १९५० च्या दशकात इटलीतील कारागीर ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर हातोडीने ठोकून मोटारीची अंगे घडवत. त्या गाड्या देखण्या होत्या यात शंका नाही, पण त्यांची डावी आणि उजवी बाजू पुष्कळदा तंतोतंत जुळत नसे. एका गाडीचा दरवाजा दुसरीला बसेल याची खात्री नसे. अपघातानंतर सुटा भाग मागवून बसवणे, ही आज गृहीत धरलेली सोय तेव्हा नव्हती.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे गंभीर आर्थिक संकटात सापडली होती. कंपनीचे प्रमुख वेंडेलिन विडेकिंग यांनी टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार स्टुटगार्टच्या कारखान्यात आणले. या पाहुण्यांना दिसले, की ज्याला कारखाना अभिमानाने कारागिरी म्हणत होता, त्यातला मोठा वाटा न जुळणारे भाग घासूनपुसून जुळवण्यात आणि आधीच्या टप्प्यांवरील चुका शेवटी निस्तरण्यात जात होता. सुट्या भागांनी ओसंडणाऱ्या उंच मांडण्या हे त्याच रोगाचे लक्षण होते. त्या मांडण्यांचा वरचा भाग विडेकिंग यांनी स्वतः करवत हातात घेऊन कापला.

हाताच्या कामाचे म्हणूनच दोन प्रकार पाडायला हवेत. चामड्याच्या प्रत्येक कातड्यावर जनावराच्या आयुष्यातले व्रण आणि सुरकुत्या वेगळ्या असतात. कोणता तुकडा आसनाच्या मध्यभागी घ्यायचा आणि कोणता दृष्टीआड, हे ठरवणारा हात पदार्थाला उत्तर देत असतो. इंग्लंडमधील मालव्हर्न येथे मॉर्गनच्या गाड्यांसाठी ॲश लाकडाच्या चौकटी घडवणारे सुतार हेच करतात, कारण कोणत्याही दोन फळ्यांचे तंतू सारखे नसतात. चुकीचा कापलेला पत्रा कानस मारून बसवणारा हात मात्र दुसऱ्याच्या निष्काळजीपणाला उत्तर देत असतो. दोघांचे कष्ट सारखेच असतील, पण पहिल्याला कारागिरी म्हणता येईल. दुसऱ्याच्या कष्टांची गरजच पडू नये, अशी व्यवस्था करणे हे कारखान्याचे काम आहे.

मग लहान कारखाने रोबो का घेत नाहीत?

याचे उत्तर बरेचसे हिशेबाचे आहे. रोबोपेक्षा त्याच्याभोवतीची फिक्श्चर, सुरक्षेचे कुंपण आणि प्रोग्रामिंग यांचा खर्च मोठा असतो आणि तो एकूण गाड्यांवर वाटला जातो. लाखो गाड्यांवर वाटला तर तो जाणवत नाही, पण ५०० गाड्यांवर वाटायचा झाला तर तेच काम माणसाने केलेले स्वस्त पडते. फेरारी वर्षाला तेरा हजारांहून थोड्या अधिक गाड्या देते आणि लॅम्बोर्गिनीने दहा हजारांचा टप्पा २०२३ मध्ये प्रथमच ओलांडला. म्हणून या दोघींकडे यंत्रे आणि माणसे शेजारीशेजारी दिसतात.

त्यात ग्राहकाच्या निवडीची भर पडते. शिलाईच्या दोऱ्याच्या रंगापासून ब्रेकच्या रंगापर्यंत प्रत्येक गाडी वेगळी असेल, तर पायऱ्या पुन्हा असमान होतात. २०१६ मध्ये मर्सिडीजच्या उत्पादन विभागाच्या प्रमुखांनी सांगितले होते, की एस-क्लासमधील पर्यायांची विविधता रोबोंना पेलवत नाही, म्हणून काही ठिकाणी आम्ही त्यांच्या जागी माणसे परत आणत आहोत.

कारागीर संपतील का?

काही कामे जातील हे नाकारण्यात अर्थ नाही. वेल्डिंग आणि रंगकाम बहुतांशी गेलेच आहे. विषारी वाफांमध्ये दिवसभर फवारा धरून उभे राहण्यातून माणसाची सुटका झाली, याचे दुःख कोणी करू नये. जोर मोजणारे आणि माणसाचा स्पर्श होताच थांबणारे ‘कोबो’, म्हणजे माणसाशेजारी कुंपणाविना काम करणारे रोबो, आता जोडणीच्या टप्प्यांवरही येत आहेत. जड वस्तू ते पेलतात आणि माणूस ती जागेवर बसवतो.

पण रोबोला शिकवणार कोण, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. रंगाचा फवारा कोणत्या वळणावर किती वेगाने फिरवायचा, हे आधी एखाद्या रंगाऱ्याला कळलेले असावे लागते. यंत्र कालचेच काम उद्याही तसेच करते. ते अधिक चांगले कसे करता येईल, हे ज्याने धातू स्वतः हाताळला आहे त्यालाच सुचते. टोयोटात तरुणपणी कारखान्यातील कामगार म्हणून सुरुवात करून वरच्या पदाला पोहोचलेले मित्सुरू कावाई यांनी हीच भीती ओळखली, की यंत्रांकडे नुसते पाहणाऱ्या पिढीला धातू कळेनासा होईल. त्यांच्या पुढाकाराने जपानमधील टोयोटाच्या कारखान्यांत हाताने काम करण्याच्या सुमारे शंभर जागा पुन्हा सुरू झाल्या. त्यांतल्या एका ठिकाणी कामगार तापलेला धातू स्वतः ठोकून क्रँकशाफ्ट घडवू लागले. त्या ठोकण्यातून जे उमगले ते यंत्रांच्या ओळीत उतरवले गेले आणि २०१४ मध्ये आलेल्या माहितीनुसार क्रँकशाफ्टच्या उत्पादनात वाया जाणारा माल सुमारे १० टक्क्यांनी घटला होता.